गरिबाचा शब्द आणि सरकारचा संशय

रोजगार हमीच्या कामावर आलेल्या मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र काढावे आणि ते मोबाईलवरून थेट सरकारदरबारी पाठवावे, असा नियम २००५ च्या केंद्रीय कायद्याखालील बहुतेक सर्व कामांना १ जानेवारी २०२३ पासून सक्तीने लागू झाला. हजेरीपटावरील खोट्या नावांना आळा घालणे हा त्याचा उघड हेतू होता. अडीच वर्षे लोटली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की, कामाशी सुतराम संबंध नसलेली छायाचित्रे पाठवली जात आहेत, कोठे कोठे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी भरली जात आहे. उपाय म्हणून ही छायाचित्रे पुन्हा माणसांकडून तपासून घेण्याचा आदेश निघाला. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले, आणि यंत्रालाही फसवले जाते म्हणून त्याच्यावर माणूस बसवला. आता या माणसावर कोणी लक्ष ठेवायचे, एवढाच प्रश्न उरला. दरम्यान ज्या डोंगराळ गावात मोबाईलला संपर्कच मिळत नाही, तेथे खरोखर राबलेल्या बाईची हजेरी बुडाली ती बुडालीच.

या प्रकाराकडे केवळ यंत्राचे अपयश म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. त्याच्या मुळाशी माणसाची एक फार जुनी शक्ती आहे. दुसऱ्याला मन आहे, त्या मनात काय चालले असेल याचा आपण अदमास घेऊ शकतो, आणि तोही आपल्याविषयी तसाच अदमास घेत असतो, ही जाणीव म्हणजे ती शक्ती. ऑस्ट्रियातील दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये लहान मुलांना एक साधी गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कोठे शोधील? अगदी लहान मुले चॉकलेट खरोखर जेथे आहे तेच कपाट दाखवत. थोडी मोठी मुले ओळखत, की मुलाला हे ठाऊक नाही, तो जुन्या जागीच शोधील. ज्या वयात मुलाला दुसऱ्याची चुकीची समजूत उमगते, त्याच वयात अशी समजूत आपणही करून देऊ शकतो हे त्याला कळते. आणि आपल्यालाही कोणी चकवत असेल, हा संशयही तेथूनच जन्माला येतो. सहानुभूती, लबाडी आणि संशय ही तिन्ही एकाच कुशीतली भावंडे आहेत.

मी ज्या शास्त्राचे अध्यापन आयुष्यभर केले, त्या अर्थशास्त्राने यांपैकी पहिले भावंड घराबाहेर काढले आणि उरलेल्या दोघांचा पद्धतशीर सांभाळ केला. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक खर्चावर एक छोटा निबंध लिहिला. रस्ता, दिवाबत्ती, संरक्षण अशा सर्वांना मिळणाऱ्या सेवेसाठी ‘तुमची गरज किती?’ असे विचारले, तर ती कमी सांगण्यातच प्रत्येकाचा स्वार्थ असतो, हा त्यातला सिद्धान्त. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन पुढची पायरी मांडली. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला खोड आहे असेच धरून किंमत पाडतो. त्या पडेल किमतीला चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून प्रामाणिक विक्रेता बाजारातून उठतो. आणि अखेरीस बाजारात खरोखरच खोडीच्या गाड्या उरतात. संशय असा आपला पुरावा आपणच निर्माण करतो. अकरलॉफ यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते सर्वथा योग्यच होते. मात्र वर्गात हे सिद्धान्त वर्षानुवर्षे शिकवताना विद्यार्थ्यांच्या (आणि अर्थात शिकवणाऱ्याच्याही) मनावर त्यांचा काय परिणाम होतो, याचा विचार आम्ही फारसा केला नाही. अमेरिकेतील मारवेल आणि एम्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये त्याची परीक्षा घेतली. सामायिक निधीत पैसे टाकण्याच्या प्रयोगात इतरांनी आपल्या रकमेचा सुमारे ४९ टक्के भाग टाकला, तर अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी २० टक्के. न्याय्य वाटा किती, या प्रश्नाला तर त्या विद्यार्थ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणांना धड उत्तरच देता आले नाही.

अर्थशास्त्र न शिकलेल्यांनी यावर फार हसू नये. आमच्या समाजवादी चळवळीच्या बैठकांतही एखादा साथी काय म्हणाला यापेक्षा तो ते का म्हणाला, याची चर्चा चहाच्या टपरीवर अधिक रंगत असे. १९५५ आणि १९७९ च्या फुटींमागे मतभेद होते हे खरे. पण मतभेद ऐकून घेण्याआधीच हेतू ठरवून टाकण्याची सवयही होती.

येथे एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. दुष्काळाच्या एका वर्षी, नोकरी नवीन असताना, विद्यार्थ्यांना घेऊन मी रोजगार हमीच्या मजुरांची एक लहानशी पाहणी केली होती. कागदावर रकाने आखलेले: जमीन किती, जनावरे किती, वर्षाचे उत्पन्न किती. खडी फोडत बसलेल्या एका प्रौढ बाईंनी उत्तर देण्यापूर्वी आम्हालाच विचारले, “तुम्ही कुणाकडून आलात?” कॉलेजातून आलो, असे सांगितले. त्यांना ते पटल्याचे दिसले नाही. मग जमीन “न्हाई”, जनावर “न्हाई”, मिळकत “हीच”. पुढच्या बाईंचे उत्तर तेच, त्यापुढच्यांचेही तेच. संध्याकाळी गावात चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांपैकी काहींच्या घरी चार-दोन एकर कोरडवाहू आहे, एखादी शेळी आहे. जमीन सांगितली तर काम बंद होईल, अशी त्यांची समजूत होती. कायद्यात तसे काहीही नव्हते. परंतु सरकारी माणूस हातात कागद घेऊन जमीन विचारतो तो कशासाठी, याविषयी त्यांचा अनुभव आमच्या ज्ञानापेक्षा दांडगा होता.

त्यानंतर मी जे केले ते शास्त्राला धरून होते. उत्तरे कमी सांगितलेली आहेत हे सिद्ध झाल्यावर मी सर्वांच्या उत्पन्नात एक ठरावीक वाढ धरली आणि तक्ते नव्याने केले. आम्ही याला ‘दुरुस्ती’ म्हणतो. पहिल्या बाईंचे काय? त्यांच्याकडे खरोखरच काही नव्हते. गावानेही तेच सांगितले होते. परंतु गावाचे म्हणणे नोंदवायला माझ्या कागदावर रकाना नव्हता, म्हणून त्यांच्याही मिळकतीत मी वाढ केली. त्यांचे खरे उत्तर आणि शेजारणीचे खोटे उत्तर अक्षरशः एकच होते, आणि एकसारख्या उत्तरांना एकसारखी दुरुस्ती लावणे हेच मला निःपक्षपाती वाटले.

सगळी गोम येथे आहे. ज्याला खोटे बोलण्याचे कारण आहे असे आपण एकदा धरले, की त्याचे खरे बोलणेही निरुपयोगी होते. ‘नाही’ म्हणणारा ‘आहे’ हे लपवण्यासाठीही ‘नाही’च म्हणेल, मग त्याच्या ‘नाही’ला अर्थ काय? तर्क बिनचूक आहे, आणि त्याचा भार सगळा सत्य सांगणाऱ्याच्या माथी येतो. लबाडाकडे निदान लपवलेली शेळी असते.

राज्यकर्त्यांना हा तर्क फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, असे कौटिल्याने म्हणून ठेवले आहे. अमात्यांची मने तपासण्यासाठी त्याने धर्म, अर्थ, काम आणि भय या चार प्रकारच्या कपट-परीक्षा सांगितल्या. मात्र त्याच प्रकरणात तो राजाला बजावतो की, परीक्षेच्या नावाखाली निर्दोष माणसाला दूषित करू नये. ते पाण्यात विष कालवण्यासारखे आहे, आणि अशा दूषित झालेल्यावर पुढे औषध सापडेलच असे नाही. संशयाचे शास्त्र रचणाऱ्यालाही त्याची मर्यादा दिसत होती, हे आजच्या पडताळणीवाद्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

इंग्रज सरकारने ती मर्यादा पाळली नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात भुकेला कोण आणि भुकेचे सोंग घेणारा कोण, हे ओळखण्यासाठी त्याने माणसाला विचारण्याऐवजी त्याची परीक्षा घेण्याचा मार्ग धरला. गावापासून दूरच्या मोठ्या कामावर जावे, तेथे दिवसभर राबावे आणि त्याबद्दल जेमतेम जगण्यापुरते धान्य मिळावे. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे प्रमाण दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा इतके खाली आणले. इतक्या कष्टप्रद अटी मान्य करून जो येईल तो खरा गरजू, जो येणार नाही त्याला गरजच नव्हती, असा हिशेब. आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. वरील हिशेबाप्रमाणे काम सोडून जाणे हाच भूक नसल्याचा पुरावा ठरत होता. ज्याला चालवतच नव्हते म्हणून जो कामापर्यंत पोहोचला नाही, तोही त्या हिशेबात गरज नसलेल्यांतच जमा झाला.

हे साम्राज्यशाहीचे पाप म्हणून आपण मोकळे झालो असतो, तर बरे झाले असते. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्यांत हाच तर्क याहून भयानक रीतीने चालला, आणि या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोव्हिएत रशियातील कारखान्याचा व्यवस्थापक आपली खरी उत्पादनक्षमता दडवून ठेवी, कारण यंदा जास्त माल काढला तर पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट त्याच आकड्यापासून सुरू होई. नियोजनकार हे जाणून होते, म्हणून ते उद्दिष्ट मुळातच फुगवून ठेवीत. व्यवस्थापक तेही जाणून होता, म्हणून तो आणखी दडवी. कारखान्यांपुरता हा खेळ उधळपट्टीवर भागला. धान्याच्या बाबतीत तसे झाले नाही. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कुबान, डॉनचे खोरे या भागांत सक्तीची वसुली झाल्यावर शेतकरी सांगत होते की, आता दाणा उरलेला नाही. शेतकरी धान्य लपवतो, हे गृहीत आधीच पक्के झालेले होते. तेव्हा ‘उरलेला नाही’ हे उत्तर म्हणजे उपासमारीची खबर न राहता कटाचा पुरावा बनले. कादंबरीकार शोलोखोव्ह त्याच भागात राहत होता. लपवलेले धान्य कबूल करून घेण्यासाठी माणसांना कसे मारले जाते, थंडीत कसे उघड्यावर काढले जाते, हे त्याने एप्रिल १९३३ मध्ये स्टालिनला कळवले. स्टालिनने काही धान्य पाठवले खरे. पण मे महिन्यातल्या उत्तरात त्याने शोलोखोव्हला समजावले की, तुमचे हे आदरणीय शेतकरी सोव्हिएत सत्तेविरुद्ध गुपचूप युद्ध करीत आहेत. मृत्यूच्या दारी बसलेल्या माणसाच्या मनात त्याला डावपेच दिसले. लक्षावधी माणसे मेली. १९३७ च्या शिरगणतीत लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कमी भरली, तेव्हा ती शिरगणती रद्द झाली आणि ती करणारे संख्याशास्त्रज्ञ पकडले गेले. त्यानंतर वर आकडे पाठवणाऱ्या कोणी खरा आकडा कळवावा?

चीनमध्ये १९५८ साली खालच्या अधिकाऱ्यांनी वरिष्ठांना काय ऐकायचे आहे हे ओळखून पिकांचे अचाट आकडे कळवले. त्या आकड्यांवर वसुली बसली. धान्य येईना, तेव्हा दोन शक्यता होत्या: आकडे खोटे किंवा शेतकरी खोटे. १९५९ च्या आरंभी ग्वांगडुंग प्रांतातून अहवाल आला की, धान्य भरपूर आहे, गावांनी ते दडवले आहे. माओने तो अहवाल देशभर फिरवला आणि दडवलेले धान्य बाहेर काढण्याच्या मोहिमा निघाल्या. दुष्काळाच्या ऐन भरात बीजिंगच्या हिशेबी प्रत्यक्षापेक्षा दहा कोटी टन धान्य जास्त होते, याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले आहे. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून चार कोटींच्याही वर जातात. यातली ज्या बाबीवर आपण थांबले पाहिजे ती ही की, बीजिंग भोळे नव्हते. ते संशयी होते. पण त्याचा संशय खालच्या दिशेने वाहत होता. अधिकाऱ्याच्या कागदावर विश्वास आणि शेतकऱ्याच्या शब्दावर अविश्वास, अशी ती वाटणी होती. आणि ती वाटणी उलटवू शकणारे वर्तमानपत्र, विरोधी पक्ष, मोकळी सभा यांपैकी तेथे काहीच शिल्लक नव्हते.

महाराष्ट्राच्या रोजगार हमीचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘तू खरा गरीब आहेस का?’ हा प्रश्नच तिने विचारला नाही. काम मागावे आणि पंधरा दिवसांत ते मिळावे. हक्क मागणाऱ्याच्या हाती दिला. खर्चाचा मोठा भार शहरांतील नोकरदारांच्या व्यवसाय करावर पडला. माझ्याही पगारातून तो दरमहा कापला जाई, आणि प्राध्यापकांच्या खोलीत त्यावर कुरकुर चाले की, ते लोक तिकडे खरोखर काम करतात की नाही, देव जाणे. प्राध्यापक खरोखर शिकवतात की नाही, असा प्रश्न त्या खोलीत निघाल्याचे मला आठवत नाही. येथे थोडी आत्मपरीक्षाही हवी. काम अवघड आणि मजुरी कमी असल्याने फक्त गरजूच येतात, म्हणून गरजूंची निवड आपोआप होते, अशी स्तुती आम्ही अर्थशास्त्रज्ञ मंडळी या योजनेची करीत असू. त्या स्तुतीला टेंपलसाहेबांचा वास येतो, हे मला फार उशिरा जाणवले.

पुढे हजेरीपट खोटे निघू लागले. ती खोटी नावे मुख्यत्वे मजुरांनी घातलेली नव्हती. हजेरीपट ज्याच्या हाती, त्याचा तो धंदा होता. यावर दोन मार्ग संभवतात. एक, मजुरावर पहारा वाढवणे: छायाचित्र, अंगठा, आधार. दुसरा मार्ग राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने दाखवला. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी तिने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामाची बिले आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले, आणि ज्यांची नावे होती त्यांना विचारले की, बाबा, तू या कामावर होतास का? कोणाच्याही मनात शिरण्याची गरज पडली नाही. कागद लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असेल तर सारा गाव समोर बसलेला होता. मजूर खोटे बोलला तर शेजारी ते जाणत होता. त्या सुनावण्यांतून माहितीच्या अधिकाराची चळवळ वाढली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने करावयाच्या सामाजिक अंकेक्षणाचे कलम आले. ते कलम बहुतेक ठिकाणी कागदावर राहिले आणि मोबाईलची हजेरी मात्र सक्तीची झाली.

या दोन मार्गांत फरक आहे तो उघडे कोणी व्हायचे याचा. पहिल्यात गरिबाला उघडे केले जाते, त्याचे घर, त्याचा चेहरा, त्याचे बोट. दुसऱ्यात सत्तेचा कागद उघडा होतो. दोघांनाही ‘पारदर्शकता’ हाच शब्द लावला जातो, म्हणून आमच्याही कार्यकर्त्यांची गफलत होते.

२०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत हे सारे ताजेपणाने दिसले. विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी अर्ज झपाट्याने मंजूर झाले, अडीच लाखांच्या उत्पन्न-मर्यादेची फारशी चिकित्सा कोणी केली नाही. मते मोजून झाल्यावर, २०२५ मध्ये, पडताळणीचा धडाका सुरू झाला, लाखो नावांचे हप्ते थांबले, आणि पुरुषांच्या नावावरही पैसे गेल्याचे बाहेर आले. पुरुषाला बहीण ठरवणारी मंजुरी कोणा अधिकाऱ्याच्या हातून गेली असेलच; पण आपली ओळख नव्याने सिद्ध करण्यासाठी संगणक केंद्रासमोर रांगेत उभी राहिली ती बाई. विश्वास आणि संशय, दोन्ही सत्ताधाऱ्यांच्या सोयीने वाटले गेले.

म्हणून आमची मागणी अशी आहे. कोणाही बाईचा हप्ता थांबवण्याआधी तिला कारण लेखी कळवावे, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय तो थांबवू नये. तिच्या घरात काय आहे याची यादी चव्हाट्यावर वाचू नये. वाचायची असेल तर मंजुरी कोणी दिली, कोणत्या कागदावर दिली आणि कोणत्या कागदावर काढून घेतली, ही यादी ग्रामसभेत वाचावी. ज्या तालुक्यांत आपले साथी आहेत तेथे त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली हे कागद आतापासूनच मागवून ठेवावेत. ते वाचायला सरकारी माणूस उभा राहिला नाही, तर गावातल्या शाळेत शिकलेली कोणतीही मुलगी ते वाचू शकेल.